डोकं चकोट करायचंय? मशीन कसं निवडायचं, कसं फिरवायचं आणि नंतर काय काळजी घ्यायची



एरवी मी इथे फोनची बॅटरी, स्टोरेज, अ‍ॅपच्या परवानग्या अशा विषयांवर लिहितो. आजचा विषय वाचून काही जण हसतील. पण यातही मशीन आहे, बॅटरी आहे, बॉक्सवरचे न कळणारे आकडे आहेत आणि चुकीचं घेतलं तर पैसे वाया जाणं आहे. म्हणून म्हटलं, हा विषयही आपलाच.

माझे केस इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून जायला लागले. आता मी २८ वर्षांचा आहे. मधल्या काळात मी काय केलं? टोपी घातली. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलला कॅमेरा बंद ठेवला. घरच्यांनी लग्नासाठी बायोडाटा बनवला, तेव्हा त्यात चार वर्षांपूर्वीचा फोटो लावला. तो फोटो बघून एक मुलगी भेटायला आली. ती काही बोलली नाही, पण तिने एकदा हातातल्या फोनकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मला तेवढं पुरलं.

पुढच्या रविवारी सलूनमध्ये जाऊन म्हटलं, "काका, पूर्ण काढून टाका." काकांनी हातातलं मशीन खाली ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरी कोण गेलं का?" कोणी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "वडील आहेत ना? मग आधी त्यांना विचारून ये." आपल्याकडे आईवडील गेल्यावर मुलगा डोकं भादरतो, त्यामुळे त्यांचंही बरोबर होतं. घरी विषय काढला तर आई म्हणाली, "बाबा धडधाकट असताना असलं काही तोंडातून काढू नकोस."

म्हणून मग मी सगळं स्वतःच शिकलो. बरंच चुकत शिकलो. त्या चुका तुम्हाला करायला लागू नयेत म्हणून हा लेख.

आधी हे बघा: केस नेमके का जातायत?

पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त दिसतं ते अनुवंशिक टक्कल. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन बनतं. ज्यांच्या केसांची मुळं या हार्मोनला संवेदनशील असतात, त्यांचे केस हळूहळू बारीक, आखूड होत जातात आणि शेवटी उगवायचे थांबतात. कपाळाचे दोन कोपरे आणि डोक्यावरचा भोवरा इथून सुरुवात होते. ही संवेदनशीलता आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून येऊ शकते. त्यामुळे फक्त मामाचं डोकं बघून अंदाज बांधू नका.

पण प्रत्येक केस गळणं म्हणजे टक्कल नाही. दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात. टायफॉइड, डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस गळू शकतात आणि ते बहुतेक वेळा परत येतात. नाण्याएवढा गोल पट्टा एकदम साफ झाला तर ती चाई असू शकते, ते वेगळं प्रकरण आहे. या दोन्हींत आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

अनुवंशिक टकलावरही औषधं आहेत. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड ही त्यातली अभ्यास झालेली दोन नावं. ती जितकी लवकर सुरू करू तितका उपयोग जास्त, बंद केली की फायदाही जातो, आणि साइड इफेक्ट असू शकतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऑनलाइन मागवू नका. मी ऑर्डर केलेल्या तेलांच्या बाटल्यांचा हिशोब आता काढत नाही.

पहिली पायरी: वस्तरा नाही, ३ मिलिमीटर

थेट गोटा करू नका. ट्रिमरला ३ मिमीचा कंगवा लावून सगळे केस एकसारखे करा. सलूनमध्ये याला एक नंबर म्हणतात. यात दोन फायदे आहेत. एक म्हणजे बाजूचे दाट केस आणि वरची विरळ जागा यांतला फरक एकदम कमी दिसतो. टक्कल डोळ्यात भरतं ते मुळात या फरकामुळेच. दुसरं म्हणजे डोक्याचा आकार कळतो आणि घरच्यांनाही सवय होते.

आणि समजा नाहीच आवडलं, तर केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. दोन महिन्यांत तुम्ही परत होता तिथे.

लोक अजून एक गोष्ट सांगतील: "भादरल्यावर केस दाट येतात." नाही येत. १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी हे तपासलं होतं, तेव्हाही फरक दिसला नव्हता. केस निमुळता असतो. मधून कापला की त्याचं टोक बोथट होतं, म्हणून हाताला जाड लागतो. मूळ त्वचेच्या आत आहे, ब्लेड तिथे पोचतच नाही.

सेल्फी बघून निर्णय घेऊ नका, हेही सांगतो. फोन हातभर अंतरावर आणि वर धरला की लेन्सच्या जवळचा भाग मोठा दिसतो, म्हणजे नेमकं कपाळ. कोणाला तरी सहा-सात फुटांवरून मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सांगा. टक्कल दाखवणाऱ्या फिल्टरवर तर अजिबात जाऊ नका. त्याला तुमच्या कवटीचा आकार माहीतच नसतो.

मशीनचे तीन प्रकार

ट्रिमर: दोन दातेरी पाती एकमेकांवर असतात. एक स्थिर, दुसरं वेगाने डावी-उजवीकडे सरकतं. कात्रीसारखंच काम. कंगवा न लावता फिरवला तर साधारण अर्धा मिलिमीटर खुंट राहतो. कापायची भीती सगळ्यात कमी. नव्या माणसासाठी हाच.

फॉइल शेव्हर: वर बारीक भोकं असलेला पातळ पत्रा आणि त्याखाली सरकणारी पाती. केस भोकातून आत गेला की कापला जातो. अगदी गुळगुळीत होतं, पण केस दोन-तीन दिवसांपेक्षा मोठा असेल तर भोकात जात नाही आणि ओढला जातो. फिरवायचा सरळ रेषेत.

रोटरी शेव्हर: गोल चकत्या असतात, त्यातल्या फटींखाली पाती फिरतात. डोक्यासाठी मिळणाऱ्या शेव्हरमध्ये अशा चार-पाच किंवा जास्त चकत्या असतात आणि त्या डोक्याच्या गोलाईप्रमाणे वाकतात. तळहातात मावतो, मागचं न बघताही करता येतं. हा हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा. दाबला की त्वचा लाल होते.

माझा सल्ला: पहिले दोन-तीन महिने फक्त ट्रिमर. गोटाच आवडला आणि आठवड्यातून तीन-चार वेळा करायची तयारी असेल तर रोटरी. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुळगुळीत हवं असेल तर साधा रेझर, पण त्याला वेळ आणि सवय लागते.

बॉक्सवरचे आकडे कसे वाचायचे

आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतील. आयपीएक्स ५ म्हणजे नळाखाली धुता येईल. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकेल अशी चाचणी झाली आहे. मधल्या एक्सचा अर्थ, धुळीसाठी रेटिंग दिलेलं नाही. नुसतं 'धुता येतं' लिहिलं असेल तर ते कधीकधी फक्त डोक्याच्या भागापुरतं असतं. बारीक अक्षरं वाचा. आणि रेटिंग कितीही असो, चार्जिंगला लावून ओल्या हाताने वापरायचं नाही.

सुट्टी पाती किंवा चकत्या मिळतात का, हे घेण्याआधी शोधा. पाती बोथट होणारच. ती मिळत नसतील तर स्वस्त मशीनही महाग पडतं.

आता बॅटरी. इथे माझी सगळ्यात मोठी फजिती झाली. रात्री अकरा वाजता अर्धं डोकं झालेलं असताना ट्रिमर बंद पडला. टाइप-सी पोर्ट होतं, म्हणून लॅपटॉपच्या चार्जरची दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेली केबल लावली. दिवासुद्धा लागला नाही. मला वाटलं मशीन गेलं. सकाळी साडेनऊला मीटिंग आणि डोकं अर्धं भादरलेलं!

कारण नंतर कळलं. टाइप-सी चार्जर केबलमध्ये आपणहून वीज सोडत नाही. समोरच्या उपकरणाने 'मी इथे आहे' असा संकेत द्यावा लागतो आणि तो संकेत दोन छोट्या रेझिस्टरमुळे मिळतो. स्वस्त उपकरणांत पैसे वाचवायला ते रेझिस्टर गाळलेले असतात. त्यामुळे सी-टू-सी केबलने ते चार्ज होत नाही, पण जुन्या चौकोनी यूएसबीची केबल लावली की होतं, कारण तिथे पाच व्होल्ट कायम सुरू असतात. मला ती केबल खालच्या मजल्यावरच्या मित्राकडून मिळाली. त्याने दार उघडलं आणि पाच मिनिटं नुसता हसत होता.

म्हणून ट्रिमरसोबत आलेली केबल जपून ठेवा आणि सुरुवात करण्याआधी चार्ज बघा. 'फास्ट चार्जरने ट्रिमर जळेल का' असं बरेच जण विचारतात. चांगला चार्जर आधी पाच व्होल्टच देतो, उपकरणाने मागितल्याशिवाय वाढवत नाही. तरी मशीनच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच पाळा.

रेझरने करायचं असेल तर

१. आधी ट्रिमरने केस अगदी बारीक करा. लांब केसांवर रेझर फिरवला की पातं लगेच भरतं आणि ओढतं.

२. कोमट पाण्याने अंघोळ करा किंवा दोन-तीन मिनिटं ओला टॉवेल गुंडाळा. भिजलेला केस मऊ होतो.

३. शेव्हिंग जेल किंवा क्रीम लावा. पारदर्शक जेल असेल तर कुठे काय राहिलंय ते दिसतं. अंगाचा साबण नको, त्वचा कोरडी पडते.

४. नवं पातं घ्या. पहिली फेरी केसांच्या दिशेने. माथ्यावर मागून पुढे, बाजूंना वरून खाली. मागच्या बाजूला मानेकडे खाली.

५. भोवऱ्यापाशी थांबा. तिथे केस गोल फिरतात, त्यामुळे एकच दिशा चालत नाही. छोटे छोटे ओढे मारत दिशा बदलत जा.

६. दाबू नका. दोन-तीन ओढ्यांनी पातं पाण्याखाली धरा. कानामागे दुसऱ्या हाताने कान वाकवा, त्वचा ताणून घ्या.

७. राहिलेलं डोळ्यांपेक्षा तळहाताला लवकर कळतं. हात उलट्या दिशेने फिरवा, खरखर लागेल तिथे परत जेल लावा आणि मगच रेझर.

मागचं डोकं बघायला फोनचा सेल्फी कॅमेरा सुरू करून व्हिडिओ घ्या आणि मग बघा. शेव्ह करता करता बघायला जाऊ नका. एका हातात रेझर, एका हातात फोन आणि जमीन ओली, हे गणित चांगलं नाही.

तुमचे केस कुरळे असतील किंवा डोक्यावर वारंवार पुळ्या येत असतील तर अगदी गुळगुळीत करायच्या मागे लागू नका. तीन-पाच पात्यांचा रेझर केसाला किंचित ओढून त्वचेच्या खाली कापतो. मग तो वाढताना आत वळतो आणि पुळी येते. अशांनी अर्धा मिमीवर थांबलेलं बरं. लांबून तसाही फरक कळत नाही.

नंतरची काळजी

गार पाण्याने धुवा, टॉवेलने टिपा, घासू नका. बिनवासाचं हलकं मॉइश्चरायझर लावा. अल्कोहोल असलेलं आफ्टरशेव्ह झोंबतं आणि त्वचा कोरडी करतं. छोटं कापलं तर स्वच्छ कापडाने दाबून धरा किंवा स्वतःची तुरटी लावा. सलूनमधली, सगळ्यांना लावलेली तुरटी नको.

सलूनमध्ये वस्तऱ्याने करत असाल तर पातं तुमच्यासमोर पाकिटातून काढायला सांगा. यात लाजायचं काही नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि त्यासाठी डोळ्यांना दिसेल एवढं रक्तही लागत नाही. याच कारणाने रूममेटचा रेझर वापरू नका.

ऊन ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. इतकी वर्षं केसांखाली असलेल्या त्वचेला उन्हाची सवय नसते. मी पहिल्याच आठवड्यात दुपारी क्रिकेट खेळलो आणि रात्री उशीवर डोकं टेकवता येईना. एसपीएफ ३० चं सनस्क्रीन यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं. दोन बोटांवर पट्टी काढून होईल तेवढं घ्या, कानांच्या वरच्या कडा आणि मान विसरू नका, बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत लावा. नाहीतर सरळ सुती टोपी घाला. लपायला टोपी घालणं वेगळं, उन्हासाठी घालणं वेगळं. खोबरेल तेल सनस्क्रीनचं काम करत नाही, हे आईला समजावून सांगावं लागेल.

हेल्मेट घालणाऱ्यांसाठी: केस नसले की घाम थेट आतल्या फोमला लागतो आणि मग पुळ्या येतात. आत पातळ सुती टोपी घाला, ती रोज धुवा. फोम निघत असेल तर तोही धुवा.

डोकं रोज धुवा, कारण डोक्याच्या त्वचेतल्या तेलग्रंथी केस नसले तरी तेल सोडत राहतात. केस गेले म्हणून कोंडा जातोच असं नाही. तो असेल तर कोंड्याचाच शाम्पू लागेल.

पहिल्यांदा गोटा केल्यावर डोक्यावर कुठे तीळ आहेत ते फोनने फोटो काढून ठेवा. पुढे एखाद्याचा आकार, रंग किंवा कडा बदलल्या, किंवा एखादी जखम आठवडे उलटूनही भरत नसेल, तर तो जुना फोटो डॉक्टरांच्या कामाला येईल.

आणि फोनचं काय?

फेस अनलॉक चालेल का, असं मला दोघांनी विचारलं. चालतं. चेहरा ओळखताना मुख्य भर डोळे, नाक, तोंड आणि त्यांच्यातल्या अंतरावर असतो, केसांच्या स्टाइलवर नाही. एखाद्या फोनने अडवलंच तर पिन टाका, सेटिंगमध्ये जाऊन चेहरा परत नोंदवा.

जाहिरातींचं मात्र बघावं लागतं. एकदा 'केस गळती उपाय' शोधलं की महिनोन्‌महिने तेल, गोळ्या, केस प्रत्यारोपण हेच समोर येत राहतं. गूगलच्या माय अ‍ॅड सेंटरमध्ये जाऊन हा विषय कमी करा किंवा पर्सनलाइज्ड जाहिराती बंद करा. मी बंद केल्या तेव्हा लक्षात आलं की दिवसातून कितीतरी वेळा माझाच फोन मला सांगत होता की तुझ्यात काहीतरी कमी आहे.

शेवटी, बाबांचं

दोन महिने मी ३ मिमीवरच होतो. आईला ते 'बारीक केस' म्हणून चाललं. मग एका रात्री बाबांना सांगितलं की मला पूर्ण काढायचेत, पण तुम्हाला वाईट वाटणार असेल तर राहू दे. बाबांच्याही डोक्यावर फार काही नाही. एका बाजूचे केस ते रोज सकाळी पलीकडे वळवतात. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अरे, तुझ्या वयात माझंही असंच होतं. तेव्हा धीर झाला नाही. कोणी विचारलं तर सांग, बाबा मजेत आहेत."

गोटा करून पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा शेजारच्या काकू मला बघून दारातच थबकल्या. त्यांचा चेहरा पडला होता. तेवढ्यात बाबा गॅलरीत आले आणि ओरडले, "वहिनी, मी इथेच आहे!" सगळी चाळ हसली. आई नाही हसली, पण रात्री तिनेच डोक्याला खोबरेल तेल लावून दिलं.

बायोडाट्यातला फोटो बदलला. खरं सांगायचं तर स्थळं कमी झाली. पण आता जे येतात ते मला बघून येतात, आणि समोर बसल्यावर कोणी फोनकडे परत बघत नाही. ऑफिसच्या कॉलला कॅमेरा सुरू असतो.

तुम्हालाही करून बघायचं असेल तर शनिवारी रात्री करा, रविवार हाताशी राहतो. ३ मिमीचा कंगवा लावा. आणि काहीही झालं तरी, ट्रिमर आधी पूर्ण चार्ज करा.

भेटू पुढच्या लेखात!